आधी सुई, मग सुरी

हाडांच्या गाठींची सर्जन आहे असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर करवत, हातोडी आणि आठ-आठ तासांची ऑपरेशनं येतात. नवे रेसिडेंट डॉक्टरही तेच बघायला येतात. मी त्यांना पहिल्या दिवशी बायोप्सीला, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायला, उभं करते. पेनाच्या रिफिलएवढी सुई आणि अर्ध्या तासाचं काम! बिचाऱ्यांचा चेहराच पडतो.

तुम्हीही या विषयात यायचा विचार करत असाल, तर एक ऐका: पाय वाचणार की जाणार, हे बऱ्याचदा त्या अर्ध्या तासात ठरतं. सुई ज्या वाटेने गाठीपर्यंत जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडल्या असं धरून चालायचं. पुढे मुख्य ऑपरेशनमध्ये ती वाट कातडीवरच्या टाक्यासकट गाठीबरोबर काढून टाकायची. म्हणजे आज सुई टोचताना तीन महिन्यांनंतरची चीर डोळ्यांसमोर हवी. एमआरआय आधी, बायोप्सी नंतर. उघडी बायोप्सी करावी लागली तर चीर हातापायाच्या लांबीत घ्यायची, आडवी कधीच नाही. मुख्य नसा आणि रक्तवाहिन्या यांच्या जवळपास फिरकायचं नाही. पू निघाला तरी तुकडा पेशी तपासायला पॅथॉलॉजीला, आणि गाठच आहे अशी खात्री वाटली तरी थोडा जंतू शोधायला कल्चरला.

हाडांच्या गाठींचे अमेरिकन सर्जन हेन्री मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा हिशेब मांडला. १८ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या निदानात मोठी चूक होती, आणि साडेचार टक्के रुग्णांचा अवयव निव्वळ बायोप्सीच्या घोळामुळे कापावा लागला होता. १९९६ मध्ये ५९७ रुग्णांचा तसाच अभ्यास झाला, तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. चुका जास्त कुठे? जिथे पुढचे उपचार होणार नव्हते, तिथे घाईने उरकलेल्या बायोप्सींत. त्यामुळे जिथे ऑपरेशन होणार तिथेच बायोप्सी व्हावी, याबाबत मी हट्टी आहे. फोनवर कुणी म्हणालं, ‘बायोप्सी करून पाठवतो’, की मी घाईघाईने सांगते, ‘नको, तशीच पाठवा.’

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. या विषयातल्या खास प्रशिक्षणाच्या, म्हणजे फेलोशिपच्या, पहिल्या महिन्यांत साठीच्या एका गृहस्थांची केस मी मांडली. मांडीच्या हाडात एकच गाठ, चालताना दुखणं, हाड मोडायच्या बेतात. मी म्हणाले, “सर, मेटास्टॅसिस असणार. उद्या नेल टाकून घेऊ या.” नेल म्हणजे हाडाच्या पोकळीत घालायची धातूची सळई.

सरांनी एक्स-रेच्या फिल्मवरून नजर न काढता विचारलं, “असणार म्हणजे? मूळ कॅन्सर कुठला?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या वयात हाडातली गाठ बहुतेक वेळा मेटास्टॅसिस, म्हणजे दुसरीकडच्या कॅन्सरमधून आलेली असते: स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड. माझा अंदाज वाईट नव्हता, पण तो अंदाजच होता. बायोप्सीत काँड्रोसार्कोमा, म्हणजे हाडातच सुरू झालेला कूर्चेचा कॅन्सर निघाला. मी नेल टाकली असती तर तिच्यासाठी हाड पोखरणाऱ्या रीमरने त्या पेशी हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचवल्या असत्या. या गाठीला नेहमीची केमो लागू पडत नाही, रेडिएशनही फारसं नाही. नीट काढणं हाच उपाय, आणि तोच मी घालवून बसले असते. एकुलत्या एका गाठीत पुराव्याशिवाय नेल ठोकायची नाही, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

दुसरी शिकायची गोष्ट याच्या अगदी उलट आहे: हात न लावणं. खेळताना मुलाचा गुडघा मुरगळला म्हणून एक्स-रे काढतात आणि त्यात नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा ही साधी गाठ दिसते. घरचे हादरलेले असतात. ही गाठ वाढ पूर्ण होता होता बहुधा आपोआप भरून येते. तिला टोचायचंही नसतं, फिल्मवर ओळखून सोडून द्यायचं असतं. हाडातून सुरू होणारे कॅन्सर सगळ्या कॅन्सरांच्या एक टक्काही नाहीत, आणि ओपीडीत येणाऱ्या बऱ्याच गाठी साध्याच असतात. म्हणून ऑर्थोपेडिक्स झाल्यावरच्या फेलोशिपमध्ये जेवढा वेळ ऑपरेशन थिएटरमध्ये घालवाल, तेवढाच रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून घालवा. पॅथॉलॉजिस्टला फिल्म न दाखवता नुसता तुकडा पाठवणारा सर्जन मला धोकादायक वाटतो.

ऑपरेशनांबद्दल थोडं सांगते, नाहीतर तुम्ही रुसाल. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुधा वाढीच्या वयात, गुडघ्याच्या आसपास होतो. केमोथेरपी येण्याआधी पाय कापूनही पाचांतले चार जण फुप्फुसातल्या गाठींनी जात. आज गाठ पसरलेली नसेल तर साधारण ६० ते ७० टक्के वाचतात, आणि बहुतेकांचा पायही वाचतो. आधी सुमारे दहा आठवडे केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. केमोने घटलेल्या रक्तातल्या पेशी सावरल्या की जी फट मिळते तिच्यातच ऑपरेशन बसवावं लागतं. तुमच्या सुट्ट्या त्या फटी पाहून ठरतात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. काढलेलं हाड पॅथॉलॉजिस्ट तपासतो. ९० टक्क्यांहून जास्त गाठ मेलेली असेल तर केमो चांगली लागू पडली असं मानतात. त्या रिपोर्टची वाट बघणं मला ऑपरेशनपेक्षा जड जातं.

लहान मुलांत आणखी एक पेच असतो. मांडीच्या हाडाची जवळजवळ ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या टोकातून होते, दरवर्षी साधारण एक सेंटिमीटर. आपण नेमकं तेच टोक काढतो. दहा वर्षांच्या मुलाचे दोन्ही पाय पुढे सारखे कसे राहतील? लांबवता येणारं कृत्रिम हाड बसवता येतं, पण त्यात जंतुसंसर्ग होतो, ते सैल होतं, कधी तुटतं. दुसरा मार्ग रोटेशनप्लास्टीचा: गुडघा काढून खालचा पाय १८० अंशांत फिरवून वर जोडतात, म्हणजे घोटाच गुडघ्याचं काम करतो. दिसायला विचित्र, पण कृत्रिम पाय लावून मुलं धावतात, उड्या मारतात. मी चित्र काढून मुलालाच समजावते. एकदा आईवडील गप्प बसले होते आणि मुलाने विचारलं, “मग बोटं मागे असणार? सायकल येईल?” “येईल,” मी म्हणाले. घरच्यांचं उत्तर यायला आणखी आठवडा लागला.

मुलाला बाहेर बसवून फक्त आईवडिलांशी बोलू नका. त्याला सगळं कळत असतं, फक्त चुकीचं कळत असतं. आणि ‘पाय नक्की वाचवू’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. आधी जीव, मग पाय, मग पायाचं चालणं, याच क्रमाने बोला.

झटपट केसेस आणि हातावेगळं झाल्याचं समाधान हवं असेल, तर सांधे बदलायला जा. इथे रुग्ण हातावेगळा होत नाही. पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी छातीचा स्कॅन किंवा एक्स-रे, मग हळूहळू वर्षाने. बारा वर्षांनी तोच माणूस कृत्रिम सांध्याचं झिजलेलं बुशिंग बदलायला येतो, तेव्हा त्याला दाढी आलेली असते.

माझी एक पेशंट फॉलोअपला आली की खुर्चीत बसायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मी फिल्म लावून बघत असायचे तेवढा वेळ ती श्वास धरून उभी असायची. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. आता छातीच्या फिल्म मी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच बघून ठेवते. दार उघडून ती आत डोकावते, मी म्हणते, “स्वच्छ आहे, ये, बस.”