टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड आणि आपल्या नेहमीच्या चुका

पोराचा घसा दुखला, ताप चढला की थेट मेडिकलवर जाऊन अँटिबायोटिक आणायचं, ही पहिली चूक. लेकरांचे घसे बहुतेक वेळा विषाणूनं सुजतात. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आठवड्याभरात आपोआप उतार पडतो. सर्दी-खोकला नाही, पण अचानक ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील, तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांना दाखवावं.

त्यांनी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं तर कोर्स बहुधा 10 दिवसांचा असतो. ताप मात्र दोन-तीन दिवसांतच उतरतो. मग ऊसतोडीची गाडी निघायच्या गडबडीत बाटली फळीवरच राहते. घसा बरा दिसला तरी जिवाणू उरलेला असू शकतो. त्यातून पुढं संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. बीड-परभणीकडच्या मुकादमांनी ती बाटली गाडीत चढली का, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

राख लावलेल्या बोटानं टॉन्सिल दाबून घेणं बंदच करा. जखम होते, संसर्ग वाढतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या खुशाल करा, पण गुळणी जमणाऱ्या पोरानंच.

अ‍ॅडिनॉइडकडं मात्र कुणाचं लक्षच जात नाही. टॉन्सिलसारख्याच या गाठी नाकाच्या मागं असतात, तोंड उघडून दिसत नाहीत. त्या वाढल्या की पोरगं तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, मध्येच श्वास अडकून दचकतं. आणि घरचे म्हणतात, ‘आजोबावर गेलंय.’ शाळेत हाक ऐकत नाही म्हणून मार खातं, तेव्हा याच गाठींमुळं कानाच्या पडद्यामागं पाणी साचलेलं असू शकतं. आधी कान तपासा.

नुसते मोठे दिसतात म्हणून टॉन्सिल काढू नयेत. वर्षात 7 वेळा, किंवा सलग 2 वर्षं दरवर्षी 5 वेळा घसा जोरात धरला, किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. काढल्यानं प्रतिकारशक्ती जाते ही भीती फोल आहे.

ऑपरेशननंतर घशात पांढरा थर दिसतो, तो पू नव्हे, खरवडू नका. भाकरी दुधात चांगली कुस्करून द्या, ठसका लावणारं काही नको. अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान खपली सुटताना रक्त येऊ शकतं. तसं दिसलं तर सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी दवाखाना गाठा.