लॉगिन होतंय, पण डेस्कटॉप येत नाही? या चुका टाळा

पासवर्ड टाकला, ‘वेलकम’ आलं, गोल चक्र फिरलं आणि पडदा काळा झाला. त्यावर माउसचा पांढरा बाण तेवढा हलतोय. आयकन नाहीत, टास्कबार नाही, स्टार्टचं बटण नाही. जुलैअखेर आयकर विवरणपत्रांची धावपळ असते, सेमिस्टर संपताना प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचे असतात, आणि नेमकं तेव्हाच हे होतं. मग पुण्यातल्या कुठल्याही पेठेत किंवा उपनगरात पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारून घ्या, मोकळे व्हा.’

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. ज्या मशीनवर लॉगिन होतंय, त्यावर विंडोज जवळजवळ पूर्ण सुरू झालेली असते. राहिलेला असतो तो शेवटचा टप्पा. पासवर्ड बरोबर ठरला की विंडोज आधी तुमचं यूझर प्रोफाइल उघडते, म्हणजे तुमच्या फोल्डरातली एनटीयूझर डॉट डॅट नावाची फाइल वाचते. त्यानंतर एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हा प्रोग्रॅम सुरू होतो. आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो, म्हणजे आयकन, टास्कबार, स्टार्ट मेन्यू, ते सगळं हा एक प्रोग्रॅम दाखवतो. तो उठला नाही तर पडदा काळाच राहणार. पण सी ड्राइव्हवरचे फोटो, हिशेब, पुस्तकाची प्रुफं यांना त्यामुळे धक्का लागत नाही. म्हणून घाई करायची नाही.

पॉवरचं बटण दाबून धरणं

ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. जुन्या हार्डडिस्कवर, विशेषतः लॅपटॉपच्या मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर, मोठं अपडेट आलं की लॉगिननंतर डेस्कटॉप दिसायला दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात. डिस्कचा छोटा दिवा सारखा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे असं समजा आणि वाट बघा. मधेच बटण दाबून मशीन बंद केलं, तर लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. ती प्रोफाइलची फाइल निघाली, तर किरकोळ दुखण्याचं मोठं दुखणं होतं.

वीज जाण्याचंही तेच. देखभालीसाठी गुरुवारी जाणारी वीज निदान आधी कळते. जूनच्या पहिल्या सरीबरोबर जाते ती सांगून जात नाही. घरी डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी जिवंत आहे ना, हे पावसाळ्यापूर्वी प्लग काढून एकदा बघा. अनेक घरांत यूपीएस असतो, पण बॅटरी केव्हाच गेलेली असते.

थांबूनही काही झालं नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा. निळा किंवा काळा मेन्यू आला की निश्चिंत व्हा. हा मेन्यू एक्सप्लोरर दाखवत नाही, विंडोजचा आतला भाग दाखवतो. तो आला म्हणजे विंडोज जिवंत आहे. त्यातून टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’ निवडा, एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाइप करून एंटर दाबा.

नारायण पेठेतल्या एका डीटीपी ऑपरेटरकडे मी हे करताना पाहिलं. छपाईला जायच्या लग्नपत्रिका मशीनमध्ये अडकलेल्या, दारात गिऱ्हाईक उभं, आणि पडद्यावर नुसता बाण. टास्क मॅनेजरची चौकट उघडली, तो शब्द टाइप झाला आणि एंटर दाबल्याबरोबर खालून टास्कबार वर आला, मग एकेक करून आयकन उमटले. पत्रिकांची फाइल होती तिथेच होती. श्री-लिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, अक्षरं नीट दिसली, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि मगच पुढची दुरुस्ती सुरू केली. हा क्रम महत्त्वाचा आहे. डेस्कटॉप आला की आधी गरजेचं सगळं बाहेर काढा, कारण पुढच्या वेळी तो येईलच असं नाही.

‘शट डाउन’ म्हणजेच ‘रीस्टार्ट’ असं धरून चालणं

लोक मशीन पाच वेळा बंद-चालू करतात आणि सांगतात, फरक पडला नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा वाचली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) तसाच परत येतो. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं, त्यातून रीस्टार्ट निवडा.

त्याआधी दोन सोप्या गोष्टी करून बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर लुकलुकतो. दुसरं, आदल्या दिवशी कॉलेजात किंवा हॉलमध्ये लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला होता का? मग डेस्कटॉप कदाचित आता नसलेल्या दुसऱ्या पडद्यावर उघडत असेल. विंडोज आणि पी दाबा, पीच्या कळीने पुढचा पर्याय घ्या, एंटर दाबा. सेमिनारनंतर ‘लॅपटॉप मेला’ म्हणून आलेल्या मुलांना मी आधी हेच करायला सांगतो.

तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काम करत राहणं

यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण खरा डेटा इथेच जातो. कधी कधी काळा पडदा येत नाही, डेस्कटॉप येतो, पण तो आपला नसतो. वॉलपेपर मूळचा, आयकन दोन-चारच, डॉक्युमेंट्स रिकामं. कोपऱ्यात सूचना येते की तुमच्या खात्यात साइन इन करता आलं नाही. बरेच जण ती वाचत नाहीत. त्यांना वाटतं सगळं पुसलं गेलं, किंवा वाटतं, चला, निदान कॉम्प्युटर तरी सुरू झाला.

झालेलं असतं ते असं : विंडोजला तुमच्या प्रोफाइलची फाइल वाचता आली नाही, म्हणून तिने तात्पुरतं प्रोफाइल बनवून दिलं. तुमचं जुनं सामान सी ड्राइव्हच्या यूझर्स फोल्डरात तुमच्या नावाखाली जसंच्या तसं असतं. पण या तात्पुरत्या डेस्कटॉपवर तुम्ही आज जे ठेवाल, ते लॉगआउट केलं की पुसलं जातं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून रात्रभर टाइप केलेला रिपोर्ट सकाळी गायब होतो, तो असा. तो परत आणायला मग फार खटपट करावी लागते आणि तरी खात्री नसते.

अशा वेळी काहीही सेव्ह करू नका. आधी रीस्टार्ट करा, एक-दोन वेळा. अँटिव्हायरस किंवा बॅकअपच्या प्रोग्रॅमने ती फाइल धरून ठेवली असेल, तर तेवढ्यावरही जुना डेस्कटॉप परत येतो. नाही आला, तर यूझर्स फोल्डरमधून जुन्या नावाखालचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मग सेटिंग्जमधून नवं खातं उघडून त्यात फाइली आणा. एनटीयूझर नावाच्या फाइली मात्र नव्या खात्यात टाकू नका, बिघाड त्यांच्यातच असतो. व्हिडिओ बघून रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, ‘प्रोफाइल लिस्ट’मध्ये हात घालणारे बरेच असतात. तिथे एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसतात, एकीच्या शेवटी ‘डॉट बॅक’ असतं, आणि खरी नोंद बहुतेक वेळा तीच असते. घाईत तीच उडवली जाते. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवल्याशिवाय तिकडे जाऊच नका.

आणखी एक. डेस्कटॉप उघडून ‘लोकेशन इज नॉट अव्हेलेबल’ असं दिसलं, तर डेस्कटॉपचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याशी जोडलेल्या फोल्डरात, हललेलं आहे का ते बघा. यूझर्समधल्या तुमच्या नावाखाली वनड्राइव्ह, आणि त्यात डेस्कटॉप. हरवलेल्या फाइली अनेकदा तिथे शांतपणे पडलेल्या असतात.

सेफ मोडला बगल देणं

सेफ मोड म्हणजे गरजेपुरतेच ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम घेऊन सुरू केलेली विंडोज. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट निवडा. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ चा आकडा. सेफ मोडमध्ये डेस्कटॉप व्यवस्थित आला, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा आपोआप सुरू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा आहे. नुकतंच काय टाकलं ते आठवा आणि काढा. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एक काढाच. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर त्याच निळ्या पडद्यावर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे आणि ‘सिस्टिम रिस्टोअर’ही. रिस्टोअरने तुमच्या फाइली जात नाहीत, मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम जातात.

इथे एक अट आहे. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असतं आणि सेफ मोडकडे जाताना ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, तेव्हा अनेक कंपन्यांमध्ये दुरुस्ती सोपी होती, पण ही की शोधण्यात वेळ गेला. तुमची की बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आज मशीन चांगलं आहे तेव्हाच ती कागदावर उतरवा. खात्याचा पासवर्डही लिहून ठेवा. पिनवर चालणाऱ्या अनेकांना तो आठवत नाही, आणि अडचणीच्या वेळी पिन चालेलच असं नाही.

कंपनीचा लॅपटॉप असेल, हिंजवडीचा असो की खराडीचा, तर यातलं काहीही स्वतः करू नका. हेल्पडेस्कला फोन करा.

मरू घातलेल्या डिस्कला कामाला लावणं

‘चेकडिस्क चालवा’, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासण्याचं साधन चालवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. डिस्क धडधाकट असेल तर ठीक आहे. पण आतून टक-टक आवाज येत असेल, किंवा डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम ‘कॉशन’ म्हणत असेल, तर चेकडिस्क स्लॅश आर चालवणं म्हणजे आजाऱ्याला सिंहगड चढायला लावणं आहे. ते डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला जातं आणि उरलीसुरली डिस्कही संपते. आधी डेटा काढा.

डिस्क ठीक असेल तर विंडोजच्या फाइली तपासा. काळ्या पडद्यावरच टास्क मॅनेजरच्या ‘रन न्यू टास्क’मध्ये सीएमडी टाइप करा आणि खालच्या चौकटीत ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराची खूण करा. डिझम आणि एसएफसी ही विंडोजचीच दुरुस्तीची साधनं. आधी डिझमची ‘रिस्टोअर हेल्थ’ आज्ञा, मग एसएफसी स्कॅननाऊ. क्रम असाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतं तो साठा डिझम दुरुस्त करतं. वेळ लागतो, टक्केवारी मधेच अडल्यासारखी वाटते, खिडकी बंद करू नका.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तरी प्रोफाइल उघडताना मशीन अडतं. जागा मोकळी करा, पण ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’वर डोळे झाकून खूण करू नका. बऱ्याच घरांत बँकेची स्टेटमेंट आणि आधारच्या प्रती तिथेच असतात.

लायसन्स न घेता फुकटच्या ॲक्टिव्हेटरने चालवलेली विंडोज असेल, तर एक वेगळीच गत होते. लॉगिननंतर कोणता प्रोग्रॅम उघडायचा हे सांगणारी, रजिस्ट्रीतल्या विनलॉगऑनखालची ‘शेल’ची नोंद व्हायरस बदलतो आणि एक्सप्लोररच्या जागी स्वतःचं नाव घालतो. अँटिव्हायरस व्हायरसला हाकलतो, नोंद मात्र तशीच राहते, आणि लॉगिननंतर विंडोज नसलेला प्रोग्रॅम शोधत बसते. तिथे पुन्हा एक्सप्लोरर डॉट ईएक्सई लिहिलं की डेस्कटॉप येतो. पण अशा मशीनवर नेट बँकिंग करू नका. इथे मात्र डेटा काढून विंडोज नव्याने टाकणंच योग्य.

विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स सिस्टिम वापरणाऱ्या मुलांनाही हे चुकत नाही. पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनचाच पडदा. कंट्रोल, ऑल्ट, एफ ३ दाबून टर्मिनलमध्ये जा, डीएफ ही आज्ञा देऊन डिस्क भरली आहे का बघा, आणि होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी फाइल तुमच्याऐवजी रूटच्या, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या, मालकीची झाली नाही ना, तेही.

मदत मागताना

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून पहिल्या नंबरला फोन लावू नका. ‘एनीडेस्क टाका’, म्हणजे मशीनचा ताबा दुरून देणारं ॲप टाका, असं म्हणणारा माणूस तुमच्या खात्यावर टपलेला असू शकतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मशीन पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत न्या की सोसायटीखालच्या दुकानात, देण्याआधी स्पष्ट सांगा : ‘दादा, लॉगिन होतंय, डेस्कटॉप येत नाहीये. आधी डेटा काढा, मला दाखवा, मगच बाकीचं.’ ‘रिसेट करू, फाइली राहतील’ असं ते म्हणाले, तर फाइली राहतात हे खरं, पण टाकलेले प्रोग्रॅम जातात. श्री-लिपी, हिशेबाचं टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागतात, म्हणून त्यांचे लायसन्स आणि डाँगल हाताशी आहेत का ते आधी बघा. टॅलीचा डेटा बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, त्याची जागा टॅलीच्याच पडद्यावरून लिहून ठेवा. आणि जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेतलीत, तर जुनी डिस्क मागून घ्या आणि नव्यावर सगळं सापडेपर्यंत तिला हात लावू नका.