सी प्रोग्रॅममधून लुआचे फंक्शन बोलावताना: स्टॅकचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा गेजकडून (माप घेणाऱ्या उपकरणाकडून) जॉबचा, म्हणजे तयार होणाऱ्या भागाचा, व्यास वाचणारा सी भाषेतला प्रोग्रॅम माझ्याकडे सोपवण्यात आला. जॉब पास की रिजेक्ट हे ठरवणारे सूत्र मात्र लुआ या भाषेतल्या स्क्रिप्टमध्ये ठेवायचे होते, कारण टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) ग्राहकागणिक बदलतो आणि शिफ्ट इनचार्जला तो प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता बदलता यायला हवा होता. १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात तयार झालेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसवण्यासाठी फार सोयीची आहे, त्यामुळे निवड योग्यच होती.

सी आणि लुआ यांच्यातली सगळी देवाणघेवाण एका स्टॅकवरून, म्हणजे मूल्यांच्या एकावर एक रचलेल्या चळतीवरून, होते, हे तुम्ही वाचलेलेच असेल. मीही वाचले होते, पण त्याचा हिशेब मांडला नव्हता. गेटग्लोबल या लुआच्या सी-कॉलने स्क्रिप्टमधले फंक्शन स्टॅकवर येते, म्हणजे एक नग. व्यास आणि टॉलरन्स ही दोन मूल्ये ठेवली की तीन नग होतात. फंक्शन चालवून त्यातली चूक पकडणाऱ्या पीकॉलला ‘दोन मूल्ये, एक उत्तर’ असे सांगितले की तो तिन्ही नग उचलतो आणि उत्तराचा एक नग ठेवतो. ते उत्तर वाचल्याने स्टॅकवरून जात नाही; ते पॉपने स्वतः काढावे लागते, तेव्हाच हिशेब शून्यावर येतो.

एवढे मी बरोबर केले होते. फसले ते पुढे. स्क्रिप्टमध्ये चूक झाली, तर तुम्ही कितीही उत्तरे मागितलेली असोत, पीकॉल तिन्ही नग उचलून चूक सांगणाऱ्या संदेशाचा एक नग ठेवतो. माझा प्रोग्रॅम तो संदेश लॉगमध्ये लिहून पॉप न करताच परतत असे. गेजकडून वाचन आले नाही की स्क्रिप्टला ‘निल’, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळे, गणित अडे आणि स्टॅकवर एक संदेश साचे. स्टॅकवर असलेली गोष्ट लुआचा कचरा-संकलक (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) उचलत नाही, म्हणून मेमरीही वाढत जाई. माझ्या टेबलावर गेज नेहमी नीट वाचत होता, म्हणून चाचणीत काहीच दिसले नाही. कारखान्यात मात्र प्रोग्रॅम कधी तासाभरात, कधी दोन दिवसांनी आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी बंद पडू लागला.

लुआ तुम्हाला फक्त वीस मोकळ्या जागांची हमी देते, आणि मूल्य ठेवताना जागा उरली आहे का हे स्वतःहून तपासत नाही. ‘चेकस्टॅकने जागा वाढव’ असे मला एका अनुभवी सहकाऱ्याने सांगितले आणि मी ते ऐकले. हा सल्ला घेऊ नका. गळक्या छपराखाली मोठे भांडे ठेवल्याने खानापूरचा पावसाळा निघत नाही. मला खरी मदत केली ती दुसऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी. त्यांनी कोड दुरुस्त करून दिला नाही, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून फक्त ‘आता स्टॅकवर किती नग आहेत?’ असे विचारले. आयता कोड देणाऱ्यापेक्षा असा प्रश्न विचारणारा माणूस शोधा, मग तो कन्नडमधून विचारो की मराठीतून.

उपाय छोटा आहे. फंक्शनच्या सुरुवातीला गेटटॉपने नगांची संख्या टिपून ठेवा आणि बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर, चूक झाल्यावरच्या वाटेवर तर नक्कीच, सेटटॉपने ती पूर्ववत करा. शिकत असताना लुआ एपीआयचेक ही तपासणी चालू ठेवून कंपाइल करा, म्हणजे मर्यादा ओलांडताच प्रोग्रॅम त्याच ओळीवर थांबेल. पीकॉलऐवजी साधा कॉल वापरू नका. तसे केले, तर स्क्रिप्टमधली एक चूक अख्खा प्रोग्रॅम बंद पाडते. टूस्ट्रिंगने मिळालेला मजकूर पॉप करण्याआधी स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्या.

हे पहिल्या आठवड्यात जमले नाही म्हणून खचू नका. मला तीन आठवडे लागले, आणि त्यातल्या कित्येक रात्री खानापूरची शेवटची बस चुकली. फक्त यंत्राला जोडण्याआधी मुद्दाम चुकणारी एक स्क्रिप्ट लिहा, ती एक लाख वेळा बोलवा आणि आधी-नंतरचा गेटटॉप छापा. दोन्ही आकडे सारखे आले, तरच प्रोग्रॅम शॉपफ्लोअरवर न्या.