क्रुस्कल-वॉलिस लावली, आता पुढे?
तीन किंवा जास्त स्वतंत्र गट आहेत आणि डेटा एका बाजूला झुकलेला, तर अनोव्हाऐवजी (गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी) क्रुस्कल-वॉलिस (1952) बघा. ही चाचणी सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करून लहानापासून मोठ्यापर्यंत रँक देते, सारख्या नोंदींना सरासरी रँक, आणि मग गटागटांच्या रँकांमधली तफावत तपासते.

'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये आयताच मिळणारा 'एअरक्वालिटी' डेटा घ्या: न्यूयॉर्क, 1973, मे ते सप्टेंबरचा रोजचा ओझोन. 116 नोंदींत सर्वांत मोठी ऑगस्टमधली, 168. टायपिंगमध्ये ती 1680 झाली तरी तिची रँक 116च राहते, निकाल जराही हलत नाही. सरासरीची मात्र वाट लागते. पाच महिन्यांची तुलना केली की एच (रँकांमधल्या तफावतीचा आकडा) येतो 29.27, डीएफ (स्वातंत्र्यांश, इथे गट वजा 1) 4, पी (गटांत फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतकी तफावत दिसण्याची शक्यता) 0.00001 हून कमी.

बरेच जण इथेच थांबतात. पण यातून कळतं ते इतकंच की कुठला तरी महिना वेगळा आहे. कोणता, यासाठी डन चाचणी (दोन-दोन गटांची तुलना) होम दुरुस्तीसह (अनेक तुलनांमुळे वाढणारा चुकीचा धोका आवरणारी) लावा. परिणामाचा आकारही द्या: एच भागिले (एन वजा 1), एन म्हणजे एकूण नोंदी, इथे सुमारे 0.25.

'मध्यक (मधल्या किमती) वेगळे' असं बेधडक लिहू नका. त्यासाठी गटांच्या वितरणाचा आकार सारखा हवा, बॉक्सप्लॉट काढून बघा. तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली असतील तर फ्रीडमन चाचणी. तसं पाहिलं तर लागोपाठच्या दिवसांचा ओझोनही पुरता स्वतंत्र नसतोच, सरावापुरता चालेल.