चाललं की पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं: कमरेच्या मणक्यांतली नळी अरुंद झाली आहे का, हे कसं ओळखावं

थोडं चाललं की कुल्ले, मांड्या, पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात, पाऊल उचलवत नाही. खाली बसलं किंवा पुढे वाकलं की काही मिनिटांत पुन्हा चालता येतं. पन्नाशी-साठीनंतर अशी तक्रार सुरू झाली, तर कमरेच्या मणक्यांतली नळी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. डॉक्टर याला ‘लंबर स्पायनल स्टेनोसिस’ म्हणतात.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीत नसांचा जुडगा असतो. वयानुसार मणक्यांमधली चकती मागे फुगते, मागचे छोटे सांधे जाड होतात, त्यांच्यालगतचा अस्थिबंधही (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) जाडावतो. हे सर्वांत जास्त चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मध्ये घडतं. ताठ उभं राहिलं की तो अस्थिबंध नळीत दुमडतो आणि नसांची जागा आणखी घटते. पुढे वाकलं की तो ताणला जातो, जागा मोकळी होते. म्हणूनच उतार उतरणं जड जातं, चढ त्यामानाने सोसतो. चार पावलं चालणं नको होणारा माणूस सायकल मात्र आरामात चालवतो.

तपासणीला जाण्याआधी आठवडाभर वहीत नोंद ठेवा: किती मिनिटांनी त्रास सुरू होतो, नेमका कुठे, एका पायात की दोन्ही, आणि मुख्य म्हणजे तो कशाने थांबतो. नुसतं उभं राहून थांबतो की बसावंच लागतं? निदान बरंचसं याच उत्तरावर ठरतं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तरी चालताना पोटरी दुखते, पण जागीच उभं राहिलं तरी दुखणं थांबतं. वाकण्याची गरज लागत नाही, आणि सायकलवरही दुखते. अशा वेळी पावलांची नाडी तपासतात, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा आकडा दंडाच्या 0.9 पटीहून कमी आला तर दोष रक्तवाहिन्यांत असण्याची शक्यता मोठी. मधुमेहात नसा खराब झाल्या की तळपायांची आग बसल्या-झोपल्याही होते. खुब्याचा सांधा झिजला असेल तर जांघेत दुखतं आणि पाय आत वळवताना कळ येते. दोन आजार एकत्रही असू शकतात, विशेषतः उतारवयात.

लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघांमध्ये आणि बैठकीच्या जागी बधिरता, दोन्ही पायांतली शक्ती झपाट्याने कमी होणं, यांतलं एकही नव्याने दिसलं तर नोंदी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. नसांवरचा दाब लवकर काढला नाही, तर हे नुकसान कायमचं राहू शकतं.

तपासणीत अनेकदा काहीच सापडत नाही. झोपवून सरळ पाय उचलला तरी बहुतेकांना दुखत नाही, कारण त्रास चालल्यावरच उमटतो. म्हणून डॉक्टरांना थोडं चालवून मग तपासायला सांगा. टाचांवर चालायला लावून आणि पायाचा अंगठा वर दाबायला लावून ताकद पाहतात. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जास्तच उडत असेल, तर दोष कमरेच्या वर, मानेत किंवा पाठीत शोधावा लागतो.

एक्स-रेत नसा दिसत नाहीत. उभं राहून, पुढे-मागे वाकून काढलेल्या फोटोत मणका सरकतो का, एवढं कळतं. नळी पाहायला एमआरआयच हवा; पेसमेकरमुळे तो करता येत नसेल, तर पाठीत औषध सोडून सीटी काढतात. नळीची पुढून मागची रुंदी 10 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती बरीच अरुंद मानतात. मात्र साठीपुढच्या कित्येकांच्या फिल्ममध्ये नळी अरुंद दिसते आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. शिवाय एमआरआय झोपवून काढतात, म्हणजे नळी उभं असतानापेक्षा मोकळी असते त्या स्थितीत. तेव्हा ‘नस दबली आहे’ एवढ्यावर घाबरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका. कोणत्या मणक्यांमधली, कोणत्या बाजूची नस दबली आहे, आणि वहीत नोंदवलेली दुखण्याची जागा त्या नसेचीच आहे का, हे डॉक्टरांना फिल्म समोर ठेवून विचारा. दोन्ही जुळत नसतील, तर नसांची विद्युत तपासणी करून घ्या.