पिन सांगा, मी टाकते

दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा घरात एकट्या राहणाऱ्या माणसांना स्मार्टफोन आणि इंटरनेट वापरायला शिकवण्याचे काम नागपुरात मी 2021 पासून स्वयंसेविका म्हणून करीत आहे. हे लिहीत आहे ते या कामात नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी. त्यांना व्हॉट्सॲप, यूपीआय, डिजिलॉकर हे सारे वापरता येतच असते, म्हणून त्याविषयी इथे लिहीत नाही. लिहायचे आहे ते एका चुकीविषयी, जी मी अत्यंत चांगल्या हेतूने दीड वर्ष करीत राहिले आणि जिची झळ मला न बसता दुसऱ्याच एका बाईंना बसली.

सुरुवात लसीकरणाच्या दिवसांत झाली. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर चित्रातली अक्षरे ओळखून लिहावी लागत, आणि ती ऐकून घेण्याची सोय दृष्टिहीनांना नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 31 मे 2021 च्या आदेशात या उणिवेची दखलही घेतली होती. त्यामुळे आम्ही स्वयंसेवक घरी बसून दिवसाला वीस-पंचवीस जणांना फोन करीत असू आणि ‘काका, ओटीपी आला का? वाचून दाखवा’ असे म्हणून त्यांची नोंदणी पूर्ण करून देत असू. तेव्हाची निकड खरी होती आणि त्या कामाबद्दल मला आजही खंत नाही. खंत आहे ती याची की साथ ओसरल्यावरही माझी ती सवय गेली नाही.

दिघोरीकडे राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या शनिवारच्या वर्गाला येत असत. मधुमेहामुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती, यजमान वारलेले आणि मुलगा हैदराबादला. त्यांना विजेचे बिल, औषधांचे पैसे आणि गॅसची नोंदणी एवढे तीनच व्यवहार स्वतः करायचे होते. टॉकबॅकवर, म्हणजे बोटाखाली जे येईल ते बोलून दाखवणाऱ्या अँड्रॉइडमधल्या सोयीवर, आकड्यांच्या पाटीवरून बोट फिरवत पिन टाकायला त्यांना चार-पाच मिनिटे लागत, मध्येच वेळ संपून व्यवहार रद्द होई, आणि मागे आणखी सहा जण खोळंबलेले असत. मग मी म्हणे, ‘काकू, पिन सांगा, मी टाकते.’ त्या सांगत, मी टाकत असे, बिल भरले जाई आणि आम्हा दोघींनाही काम झाल्याचे समाधान मिळे. पुढे तर विसर पडू नये म्हणून तो पिन मी माझ्या वहीत लिहून ठेवला.

एके दिवशी दुपारी त्यांना एका तरुणाचा फोन आला. आपण मोबाइल वर्गातून बोलत आहोत, ताईंनीच तुमचा नंबर दिला आहे, तुमच्या खात्याची केवायसी संपत आली असून ताई आज बाहेरगावी असल्यामुळे ती आपण करून देतो, असे त्याने अत्यंत आदबीने सांगितले. त्याने ओटीपी विचारला, पिन विचारला, आणि काकूंनी दोन्ही सांगितले. खात्यातून 38,000 रुपये गेले. लाजेपोटी त्यांनी दोन दिवस कोणालाच काही कळू दिले नाही. मला कळल्यावर मी त्यांना धावतपळत बँकेत घेऊन गेले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला की हा पिन आजवर कोणाकोणाला माहीत होता. काकूंनी खाली मान घालून माझे नाव सांगितले. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘अगं, तू दर वेळी विचारायचीस ना, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.’

हे वाक्य नीट समजून घ्या, कारण सारी मेख त्यातच आहे. आपण वर्गात दहा वेळा बजावतो की ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका, बँकही तेच बजावते, आणि समोरची व्यक्ती मान डोलावते. पण माणूस ऐकलेल्या सूचनेपेक्षा केलेल्या कृतीतून अधिक शिकतो. काकूंनी सूचना दहा वेळा ऐकली होती आणि पिन मात्र माझ्याजवळ चाळीस-पन्नास वेळा उच्चारला होता. मदतीसाठी आलेल्या, गोड बोलणाऱ्या, वर्गाची ओळख सांगणाऱ्या माणसाला गुपित आकडा सांगायचा असतो, हा धडा त्यांना ठगाने शिकवलेला नव्हता, तो मी शिकवला होता. ठगाला फक्त माझ्या जागी उभे राहावे लागले. तुमच्या प्रामाणिकपणाचा इथे काहीही उपयोग नाही, कारण ज्याला चेहरा दिसत नाही त्याच्यासाठी प्रामाणिक आवाज आणि खोटा आवाज यांत फरक करण्याची एकच खूण उरते, ती म्हणजे समोरचा पिन विचारतो की नाही. ती खूण मी माझ्या हाताने पुसून टाकली होती.

कायद्याच्या बाजूनेही हे महागात पडते. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दुसऱ्याला सांगितल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागत असे. शिवाय सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार जितक्या लवकर जाईल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता अधिक असते, आणि आमचे दोन दिवस लाजेत गेले होते. ती रक्कम परत मिळाली नाही.

आता मी शिकवायला बसते तेव्हा दोन्ही हात मांडीवर ठेवते. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहतो, काही झाले तरी मी तो घेत नाही. फोनच्या पडद्यावर पिन टाकण्याची जागा आली की मी उठून खिडकीपाशी जाते, आणि शिकणाऱ्याने ‘झालं’ म्हटल्याशिवाय परत येत नाही. टॉकबॅकमध्ये बोटाखालचा आकडा मोठ्याने बोलला जाऊ शकतो, म्हणून इअरफोन सक्तीचा आहे. टॉकबॅकच्या मेनूत पडदा काळा करण्याची सोय असते आणि आयफोनवर तीच सोय स्क्रीन कर्टन नावाने असते. ती पहिल्याच दिवशी शिकवावी, कारण दृष्टिहीन माणसाला आपल्या खांद्यावरून कोण डोकावते आहे हे कळत नाही. केवळ पिन टाकण्याच्या सरावासाठी चार-चार शनिवार जातात. एक रुपया पाठवायचा, चुकायचे, पुन्हा पाठवायचा. हा वेळ वाया जात नाही, यावर विश्वास ठेवा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही या सरावातूनच पक्के होते.

आणखी एका धोक्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या चलानच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, म्हणजे थेट फोनमध्ये बसणारे ॲपच, आणि ते ॲप उघडताच ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे अपंगांच्या सोयीसाठी असलेली, परवानगी मागते. ती मिळाली की ॲपला पडदा वाचता येतो आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. टॉकबॅकही हीच परवानगी वापरतो. ज्यांचा सारा फोन ॲक्सेसिबिलिटीच्या आधारावर चालतो, त्यांना हा शब्द आपला वाटतो आणि ते विश्वासाने ‘होय’ म्हणतात. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहज देता येत नाही, पण आपल्या वर्गात येणारे कित्येक फोन त्याहून जुने असतात. त्यामुळे ही परवानगी कोणकोणत्या ॲपकडे आहे, हे दर महिन्याला शिकणाऱ्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे.

माझे एक मत इथे स्पष्टपणे नोंदवते. एका दिवसाची शिबिरे, शेवटी वाटली जाणारी प्रमाणपत्रे आणि ‘मी पाचशे जणांना शिकवले’ असे सांगणारे मार्गदर्शक यांच्यापासून नवख्यांनी लांब राहावे. मला खरे शिकवले ते विद्यापीठात शिकणाऱ्या एका दृष्टिहीन मुलाने. त्याने पहिल्या दिवशी माझा फोन पालथा धरायला लावला आणि म्हणाला, ‘ताई, आता याच स्थितीत आईला फोन लावा.’ मला अकरा मिनिटे लागली. डोळस शिकवणारा पडद्याकडे बघून ‘वर उजवीकडे दाबा’ म्हणतो, तर दृष्टिहीन शिकवणारा ‘उजवीकडे तीनदा सरकवा आणि दोनदा टॅप करा’ असे सांगतो, आणि शिकणाऱ्याला कळते ते हे दुसरे वाक्य.

काहींना मात्र स्वतः पिन टाकणे शक्यच नसते. हात कापतात, बोटे वळत नाहीत, किंवा आकडा लक्षात राहत नाही. अशा वेळी माझा नियम हट्टाने लादणे क्रूरपणाचे होईल. त्यांच्यासाठी थोडीच रक्कम ठेवलेले वेगळे खाते यूपीआयला जोडावे, किंवा यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलेच छोटे पाकीट, वापरावे. लाइटमध्ये छोट्या व्यवहाराला पिन लागत नाही आणि एका वेळी 5,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक राहत नाही, त्यामुळे लाइटमधून होणाऱ्या नुकसानीलाही तेवढीच मर्यादा राहते. पिन सांभाळणारी व्यक्ती त्यांनी स्वतः निवडलेली आणि घरातली असावी. स्वयंसेवक असू नये, तुम्ही तर नाहीच. बँकेने अशा ग्राहकाला ‘कोणाला तरी सोबत आणा’ म्हणून परत पाठवले तर गप्प बसू नका. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करता न आल्यामुळे ऑनलाइन केवायसी अडलेल्या ॲसिडहल्लापीडितांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आहे.

एकट्या राहणाऱ्यांबाबत नागपूरची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. अनोळखी माणूस हिंदीत बोलला की सावध व्हा, ही सूचना इथे कुचकामी आहे, कारण सीताबर्डीवर भाजी घेण्यापासून ऑटोवाल्यापर्यंत आपण दिवसभर हिंदीतच बोलतो. भाषा सोडून मागणीवर लक्ष ठेवायला शिकवा. खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर धमकावून जी ‘डिजिटल अटक’ करतात, तसा कोणताही प्रकार कायद्यात नाही, हे सर्वांनी ऐकलेले असते. तरीही व्हिडिओ कॉलवर गणवेश दिसला आणि ‘कोणाला सांगू नका’ असे दरडावले गेले की एकटा माणूस खचतो, कारण सांगायला मुळात कोणी नसतेच. म्हणून आम्ही प्रत्येकाला आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन करतो आणि त्या फोनवर कोणताही आकडा विचारत नाही. कर्णबधिरांशी हाच संपर्क आम्ही ठरलेल्या वेळी लिहून किंवा व्हिडिओ कॉलवर ठेवतो. 1930 वर बोलणे त्यांना शक्य नसले तरी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार करता येते, आणि ती कशी करायची हे आधीच करून दाखवावे.

काकू सात महिन्यांनी वर्गात परत आल्या. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, काही बोलल्या नाहीत, आणि नवीन पिन टाकताना मला खोलीबाहेर जायला सांगितले. तुमच्याकडूनही चुका होतील आणि त्या घडल्या म्हणून हे काम सोडू नका. पण पिन लिहिलेली एखादी वही तुमच्या घरी असेल, तर ज्याचा तो पिन आहे त्याला आजच फोन करून तो बदलायला सांगा आणि मगच ती वही फाडा.

पहिल्या शनिवारी येताना आपला फोन पूर्ण चार्ज करून आणि इअरफोन घेऊन या. आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक चालू आणि बंद कसा होतो, हे घरीच करून पाहा, कारण पहिला तासभर तुम्हाला काळ्या पडद्यावर स्वतःचे विजेचे बिल भरायचे आहे.