जीव घाबरा होतो तेव्हा : चिंतेमागची शारीरिक कारणे शोधताना या चुका टाळा

छातीत धडधडणे, हात कापणे, घाम फुटणे, झोप उडणे आणि काहीतरी वाईट घडणार ही धास्ती मनातून न जाणे, ही चिंताविकाराची लक्षणे आहेत. परंतु थायरॉइडचा आजार, रक्तातील साखर उतरणे, हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड आणि काही नेहमीची औषधे यांतूनही जवळपास हेच चित्र उभे राहते. घरात मात्र "टेन्शन घेऊ नकोस" एवढ्यावर विषय संपतो आणि ज्याच्यावर साधा उपाय होता तो आजार कित्येक महिने अंगावर काढला जातो.

बऱ्याचदा हुकणारा आजार म्हणजे अतिसक्रिय थायरॉइड. भूक चांगली असूनही वजन उतरते, उकाडा सोसवत नाही आणि शौचाला वारंवार जावे लागते, पण या गोष्टींचा धडधडीशी संबंध आहे हे रुग्णाच्या लक्षात येत नाही आणि तो त्या डॉक्टरांना सांगतच नाही. चिंतेने वाढलेली नाडी गाढ झोपेत सहसा खाली येते, तर थायरॉइडमुळे वाढलेली नाडी झोपेतही जलद राहते; चिंतेत तळवे बहुधा थंड आणि घामेजलेले असतात, थायरॉइडमध्ये ते उबदार असतात. या खुणांवरून निदान होत नाही, परंतु टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घेण्यास त्या पुरेशा आहेत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येऊन असा त्रास होऊ शकतो आणि नेमक्या त्याच काळात "बाळंतिणीला असे होतेच" म्हणून तो झाकला जातो, याचे मला फार वाईट वाटते. ज्यांना थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू आहे, त्यांची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तरी हेच घडते. तपासणीतही एक चूक होते : केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते आणि त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. म्हणून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती गोळी थांबवावी आणि तसे प्रयोगशाळेला सांगावे.

मधुमेह असलेल्यांची चूक वेगळीच असते. संकष्टीला सकाळी ग्लिमेपिराइडची नेहमीची गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत पोटात काही गेले नाही, तर दुपारनंतर हातपाय थरथरणे, घाम आणि विलक्षण घाबरेपणा यांतून साखर उतरल्याचे शरीर सांगत असते. अशा वेळी पडून राहणे किंवा दीर्घ श्वास घेत बसणे ही चूक आहे. तेव्हाच ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. चॉकलेट किंवा पेढा यासाठी योग्य नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. उपवास करायचाच असेल तर गोळीची वेळ आणि मात्रा आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्यावी. धडधड थांबावी म्हणून दुसऱ्या कोणाची प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेणे तर फारच धोक्याचे आहे : तिने कंप आणि धडधड हे साखर उतरल्याचे इशारेच दबतात, आणि दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आकुंचन पावू शकतात.

"ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदयाचे काही नाही" हा निष्कर्षही घाईचा असतो. काहींच्या हृदयाचे ठोके अचानक मिनिटाला दीडशेच्या पुढे जातात आणि तितक्याच अचानक पूर्ववत होतात; मधल्या काळात काढलेल्या ईसीजीत काहीच दिसत नाही. त्रास होत असतानाच नाडी मोजावी, तो किती मिनिटे टिकला ते लिहावे, आणि सलग २४ तास ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीची गरज आहे का हे विचारावे. छातीत दुखून ते हात-जबड्याकडे सरकत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा एकाएकी दम लागत असेल, तर मात्र नोंदी करत बसू नये. १०८ ला फोन करावा.

धडधडीमागे रक्तक्षय असल्याची शंका महाराष्ट्रात तरी आधीच घ्यायला हवी, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ जीवनसत्त्वही तपासावे, विशेषतः शाकाहारी व्यक्तींनी आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांनी.

औषधांची यादी सांगताना लोक दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या आणि चहा यांना मोजतच नाहीत. पंपातील साल्ब्युटामॉलने हात कापतात, नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांनी धडधडते, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने झोप उडते; आणि संध्याकाळी सहाच्या चहातील जवळपास निम्मे कॅफिन रात्री अकरालाही शरीरात असू शकते. तरीही दम्याचा पंप किंवा स्टेरॉइड परस्पर बंद करू नये. चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामचेही तसेच : महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम सोडली की मूळ चिंतेपेक्षा तीव्र घबराट येते, प्रसंगी झटकेही येतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवल्यावर काही तासांत सुटणारा थरकाप हाही असाच धोक्याचा असतो. त्यासाठी रुग्णालय गाठावे.

याच्या उलट चूकही मी तितकीच गंभीर मानतो. सर्व अहवाल ठीक आल्यावरही दर महिन्याला नवी प्रयोगशाळा गाठणे हे अनेकदा चिंताविकाराचेच लक्षण असते, आणि शारीरिक आजार सापडला म्हणून चिंताविकार नाहीच असेही नसते. दोन्ही एकत्र असू शकतात आणि दोन्हींवर उपचार होतात. मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. तिथे किंवा दवाखान्यात बोलताना चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे, त्रासाच्या वेळच्या नाडीची नोंद आणि जुने अहवाल हाताशी ठेवावेत.